केस संपल्यावर ओटीत शिरणारी मावशी: साथीत प्रोसिजर करताना कुणाकुणाला जपायचं?

धागाकर्ती: शुभ्रकळा

नमस्कार मंडळी. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, सतरा वर्षं झाली. त्यातली बहुतेक कान-नाक-घसा विभागात गेली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पुढच्या साथीच्या तयारीची फाईल आली. चाळीसेक पानं आहेत. इंट्युबेशन (तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकणं) कुणी करायचं, ट्रॅकिऑस्टॉमीच्या (गळ्याला छेद देऊन नळी बसवण्याच्या) वेळी आत किती जण असावेत, पीपीई किट कुठल्या कपाटात, सगळं व्यवस्थित लिहिलंय. मी ती दोनदा वाचली. केस संपल्यावर ओटी पुसायला येणाऱ्या मावशीबद्दल त्यात एक ओळही नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मे २०२१. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, केसेस रोज चार-पाच लागायच्या. नाकातून दुर्बीण घालून सडलेला भाग खरवडून काढायचा, काहींचा वरचा जबडाच काढावा लागायचा. त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधासाठी नातेवाईक या गावाहून त्या गावाला धावत होते. ही बुरशी माणसापासून माणसाला लागत नाही, पण आमच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच जणांची कोविडची टेस्ट तेव्हाही पॉझिटिव्हच असायची. नाक आणि घसा म्हणजे त्या विषाणूचं राहतं घर, आणि आम्ही तिथेच तीन-तीन तास ड्रिल, मायक्रोडिब्रायडर आणि सक्शन चालवत होतो.

आत आम्ही पाच जण. सर, भूलतज्ज्ञ मॅडम, एक रेसिडेंट, मी आणि टेक्निशियन. सगळ्यांना एन९५, वर गॉगल, वर शील्ड, पूर्ण किट. घामानं आतला स्क्रबसूट पिळून काढावा इतका भिजायचा, गॉगलवर वाफ धरायची, नाकाच्या हाडावर मास्कचा वळ दिवसभर जायचा नाही. पण आम्ही झाकलेलो होतो.

पेशंट बाहेर गेला की पुढची केस घ्यायची घाई. पाच-सात मिनिटांत मावशी आत. अंगावर कापडी गाऊन, तोंडाला साधा तीनपदरी मास्क, हातात हायपोची (जंतुनाशकाची) बादली. ती वाकून टेबलाखालचं पुसायची, मग सक्शनची भरलेली बाटली दोन्ही हातांनी उचलून सिंकमध्ये ओतायची. बाटली उंचावरून ओतली की शिंतोडे उडतात. तिच्या डोळ्यांवर काहीच नसायचं.

त्या महिन्यात आत असलेल्या आम्हा पाचांपैकी कुणालाच काही झालं नाही. ओटीच्या दोन मावशी आणि ट्रॉली ढकलणारे एक मामा पॉझिटिव्ह आले. एक मावशी अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. लागण ओटीतच झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, वस्तीतही साथ होतीच. पण ती कंत्राटावर होती, त्या अकरा दिवसांचा पगार कापला गेला. आणि "मावशी, या आत, टेबल लावायचंय" ही हाक रोज मी मारत होते. मी इनचार्ज होते. ती आली नसती तर मी रागावले असते.

तुमच्याकडे तेव्हा काय केलं होतं? आता काय करता? डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, इंजिनीअर, सगळ्यांनी लिहा. मला पुढच्या आठवड्यात त्या फाईलवर लेखी म्हणणं द्यायचंय.

---

श्वासनलिका

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. तुमचं वाचून आधी गप्प बसले, कारण आमच्याकडेही हेच होतं आणि मी कधी मान वळवून पाहिलं नाही की माझ्यानंतर आत कोण येतंय.

आम्ही इतके भ्यालो का होतो ते सांगते. २००३ च्या सार्समध्ये जगभरातल्या रुग्णांपैकी साधारण पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. त्या साथीवरच्या दहा अभ्यासांचा एक आढावा २०१२ साली आला. त्यात इंट्युबेशन करणाऱ्यांना लागण होण्याची शक्यता ६.६ पट, ट्रॅकिऑस्टॉमीत ४.२ पट निघाली. पुरावा कच्चा आहे हे लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं, पण २०२० च्या मार्चमध्ये आमच्या हातात तेवढंच होतं.

मग आम्ही घडी बसवली. सर्वांत अनुभवी हातानंच नळी टाकायची. बाहेर सगळी तयारी, औषधांच्या सिरिंजा भरलेल्या, मगच आत. तीन ते पाच मिनिटं ऑक्सिजन, मग भूल आणि स्नायू सैल करणारं औषध लागोपाठ. शक्यतो बॅगनं हवा द्यायची नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरायचा म्हणजे आपलं तोंड पेशंटच्या तोंडापासून हातभर लांब राहतं. नळी गेली की आधी कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवायचा, नंतरच व्हेंटिलेटर जोडायचा. मध्ये फिल्टर. सर्किट सोडवायचं झालं तर आधी नळीला क्लॅम्प. ट्रॅकिऑस्टॉमीत सर्जन "उघडतोय" म्हणाले की मी व्हेंटिलेटर थांबवणार, नळी आत जाऊन कफ फुगला की परत सुरू. हे आम्ही रिकाम्या खोलीत, उशीवर मास्क ठेवून, पुन्हा पुन्हा केलं. कुणी काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, कारण शील्डमागून आवाज पोचत नाही.

आता एक चूक सांगते. तो पारदर्शक खोका आठवतो? पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा, दोन भोकांतून हात घालायचे. कल्पना तैवानमधल्या एका भूलतज्ज्ञांची. आपल्याकडेही गावोगावच्या ॲक्रिलिकवाल्यांनी बनवून दिले, दानशूर लोकांनी वाटले. आम्हीही वापरला. हात अडकायचे, नळी टाकायला वेळ लागायचा, एकदा भोकाच्या कडेला माझ्या गाऊनची बाही फाटली. पुढे ऑस्ट्रेलियात तपासलं तेव्हा दिसलं की खोक्यात इंट्युबेशनला वेळ जास्त लागतो, किट फाटतं, आणि कणांशी संपर्क वाढूही शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेनं) अशा हवा न ओढणाऱ्या खोक्यांची तातडीची परवानगी काढून घेतली. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण साथीत हाताशी येईल ते न तपासता वापरलं की असं होतं.

आणि तुमच्या मुद्द्याला लागूनच: ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी अतिस्वच्छ हवेच्या ओटीत इंट्युबेशन करताना कण प्रत्यक्ष मोजले. इंट्युबेशनपेक्षा साध्या खोकल्यातून कितीतरी पट जास्त निघाले, शेकडो पट. नळी काढताना पेशंट खोकतो, तेव्हाही इंट्युबेशनपेक्षा जास्त. म्हणजे आम्ही ज्या दोन मिनिटांसाठी अंतराळवीरासारखे सजलो, त्याहून जास्त धोका खोकणाऱ्या पेशंटला रात्रभर वाफारा देणाऱ्या, त्याची कूस बदलणाऱ्या सिस्टरला होता. तिला मात्र बऱ्याच ठिकाणी साधा मास्क मिळाला, कारण तिचं काम "एरोसोल प्रोसिजर"च्या, म्हणजे हवेत बारीक कण उडवणाऱ्या कामांच्या, यादीत बसत नव्हतं.

---

वातायन

मी डॉक्टर नाही. पुण्यात एचव्हीएसी इंजिनीअर आहे, रुग्णालयांच्या हवेची कामं करतो. शुभ्रकळाताई, तुमच्या "पाच-सात मिनिटांत मावशी आत" या वाक्यावर मी अडकलो.

हवा बदलायला वेळ लागतो आणि तो मोजता येतो. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल तर उडालेले कण ९९ टक्के जायला २३ मिनिटं लागतात, ९९.९ टक्के जायला ३५. तासाला ६ वेळा बदलत असेल तर हेच आकडे ४६ आणि ६९ मिनिटं होतात. हे सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) तक्त्यातले आकडे आहेत, आणि तेही खोलीतली हवा नीट मिसळते असं धरून. प्रत्यक्षात कोपऱ्यात, टेबलाखाली हवा तुंबते. मावशी नेमकी तिथेच वाकते.

दुसरं. लहान रुग्णालयांत ओटी म्हणजे खोली आणि भिंतीवर दोन स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच थंड करून फिरवतो. तिथे हवेचा बदल जवळजवळ शून्य धरा. मोठ्या ओटीत एएचयू (हवा खेळवणारं मोठं यंत्र) असतो, बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असतो, पण तिथला दाब मुद्दाम बाहेरपेक्षा जास्त ठेवलेला असतो, जखमेत धूळ जाऊ नये म्हणून. दार उघडलं की आतली हवा कॉरिडॉरमध्ये येते. कॉरिडॉरमध्ये स्टुलावर कोण बसलेलं असतं? पुढच्या केससाठी थांबलेले मामा.

म्हणून काय करायचं: केस चालू असताना दार उघडायचं नाही, लागणारं सामान आधीच आत. पेशंटची नळी आतच काढायची, तो तिथेच सावरेपर्यंत थांबायचं. मग सगळ्यांनी बाहेर पडून घड्याळ लावायचं. बाहेर पाटी: "हवा बदलते आहे, अमुक वाजेपर्यंत प्रवेश नाही." स्प्लिट एसीवाल्या खोलीत चांगल्या ताकदीचा एक्झॉस्ट बसवा, त्याचं तोंड माणसांच्या वाटेवर नको. जमलं तर हेपाचं फिरतं यंत्र.

तपासायला महागडं उपकरण लागत नाही. रिकाम्या ओटीचं दार बंद करा, ऑक्सिजन आणि स्पिरिट दूर असल्याची खात्री करा, बाहेर दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर हवा आत जातेय. तुमच्या तोंडावर आला तर ओटीतली हवा बाहेर येतेय.

---

इतिहासाचं_पान

थोडं जुनं सांगतो. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ होती. वू लिएन-तेह या डॉक्टरांनी सांगितलं की रोग श्वासातून पसरतोय, गॉझ आणि कापसाचा मास्क बांधा. तिथे आलेले फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेनी अनुभवी होते, वयानं मोठे होते. त्यांना ते पटलं नाही. मास्क न लावता त्यांनी हार्बिनच्या रुग्णालयात रुग्ण तपासले आणि जानेवारी १९११ मध्ये ते प्लेगनंच गेले. त्यानंतर तिथे सगळे मास्क बांधू लागले.

आणि २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की कोविड हवेतून पसरत नाही. त्या जुलैत २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून हवेकडे लक्ष वेधावं लागलं.

---

टेम्सकाठी

मूळची सातारची, इकडे इंग्लंडमध्ये आयसीयूत नर्स. शुभ्रकळा, तुझी मावशी डोळ्यांसमोर उभी राहिली गं.

फिट टेस्टबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एन९५ नुसता दिला म्हणजे संरक्षण झालं असं नाही. तो चेहऱ्याला चिकटला पाहिजे. आमच्याकडे डोक्यावर एक टोपडं घालतात आणि आत सॅकरिनचा किंवा कडू औषधाचा फवारा मारतात. मग मान हलव, वाक, मोठ्यानं वाच. गोड किंवा कडू चव लागली की तो मास्क तुझ्या कामाचा नाही, दुसरा घे. माझ्या चेहऱ्याला पहिले दोन बसलेच नाहीत. बारीक चेहऱ्याच्या बऱ्याच मैत्रिणींचं असंच झालं. मावशींपर्यंत हे कुठे पोचतं का? त्यांना उरलेला मास्क मिळतो, कुठल्याही मापाचा. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे जास्त घट्ट बसतात, हे तुझ्या फाईलमध्ये नक्की घाल. आणि दाढी असेल तर कडा चिकटत नाही. आमच्याकडच्या शीख डॉक्टरांनी दाढीवर घट्ट रबरी पट्टी बांधून वर मास्क लावायची पद्धत काढली, तिला सिंग ठाठा म्हणतात. धर्मही राहिला आणि कामही.

किट काढतानाचं तर वेगळंच. घालताना आपण ताजे असतो. काढताना सहा तास उभं राहिलेलो, तहानेनं जीव जात असतो, आणि पहिला हात गॉगलकडे जातो. म्हणून समोर एक जण उभा पाहिजे, ज्याचं काम फक्त बोलणं: "ग्लोव्ह. हात. गाऊन, आतून बाहेर गुंडाळ. हात. शील्ड, मागून धर. थांब. बाहेर ये. आता मास्क, पुढून हात लावू नको. हात." मला रोज असं बोलणारी एक मुलगी होती. ती एकोणीस वर्षांची होती आणि कन्सल्टंटनाही "थांबा" म्हणायची.

---

रानजाई

मुंबईत छातीच्या वॉर्डात नर्स आहे. मला एकच म्हणायचंय. साथ गेली म्हणून सगळ्यांनी कपाटं बंद केली, पण आमच्याकडे टीबी रोज आहे. ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) रोज आहे, खाकऱ्याचे नमुने रोज आहेत. टीबी हवेतूनच पसरतो, याबद्दल कुणाचा वाद नाही. औषधांना दाद न देणारा टीबी झालेल्या सहकारी मी पाहिल्यात. २०२१ मध्ये एन९५ डब्यानं यायचे, आता इंडेंट (स्टोअरकडे मागणी) टाकला की "कोविड संपला ना सिस्टर" असं ऐकायला मिळतं.

पुढच्या साथीची तयारी करायचीच असेल तर ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीपासून करा. तिथे जे रोज पाळलं जाईल तेच साथीत हाताला आठवेल.

---

निळा_डबा

हे वाचून बराच वेळ लिहू की नको असं झालं. मी पेशंटच्या बाजूचा. सप्टेंबर २०२० मध्ये माझ्या वडिलांचं हृदय वॉर्डात थांबलं. काचेतून मी बघत होतो. बाहेर दोन डॉक्टर किट चढवत होते. चेन अडकली होती, एकाच्या हाताला ग्लोव्ह चढत नव्हता. ते धडपडत होते हे मला दिसत होतं. तरी ती मिनिटं माझ्या आयुष्यातून जात नाहीत. वडील गेले. किट नसतं तर वाचले असते का, मला माहीत नाही. मावशींना जपलंच पाहिजे. पण तुम्ही स्वतःला जपता तेव्हा आतल्या माणसाचं काय होतं, यावरही कुणीतरी बोला.

---

श्वासनलिका

निळा_डबा, तुमच्यापुढे शब्द नाहीत. तरी उत्तर द्यायला हवं, कारण काचेच्या अलीकडे ग्लोव्ह चढवणाऱ्यांत मीही होते, वेगळ्या शहरात.

इथे तज्ज्ञांचंही एकमत नव्हतं. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं छाती दाबणं धोक्याच्या यादीत धरलं नाही, आणि तिथल्याच रिससिटेशन कौन्सिलनं सांगितलं की पूर्ण किट घालूनच दाबा. मला स्वतःला आज वाटतं ते असं: किट घालायला लागणारा वेळ हा डॉक्टरच्या हाताचा दोष नसतो, व्यवस्थेचा असतो. अशा वॉर्डात प्रत्येक पाळीत निदान दोन जण आधीच पूर्ण झाकलेले असले पाहिजेत, आळीपाळीनं. शॉक द्यायचं यंत्र आत असलं पाहिजे, म्हणजे आत असलेला माणूस पहिला झटका तरी लगेच देऊ शकेल. आमच्याकडे हे तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. आधीच्या महिन्यांत जे गेले त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

शुभ्रकळाताई, आणखी एक. आमच्या विभागात जी लागण झाली ती ओटीतून नव्हे, आमच्या अंदाजानं पॅन्ट्रीतून. खिडकी नसलेली छोटी खोली, सहा जण मास्क काढून डबा खायला. आत तीन तास जीव मुठीत धरून काम करायचं आणि बाहेर येऊन एकमेकांच्या तोंडासमोर जेवायचं. नंतर आम्ही गच्चीत जेवू लागलो. फाईलमध्ये जेवायची जागाही घाला.

---

दंतवैद्य_मिरज

आमची खुर्ची या यादीत विसरू नका. दात कोरायचा एअरोटर आणि दात साफ करायचा स्केलर पाण्याचा फवारा तोंडातून थेट वर उडवतात. रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), जोरदार सक्शन आणि समोरासमोर उघड्या खिडक्या, एवढ्यावर मी क्लिनिक चालवलं. खुर्ची पुसणाऱ्या मुलाला दोन पेशंटमध्ये अर्धा तास आत जाऊ द्यायचो नाही. दिवसाला पाचच पेशंट व्हायचे. भाड्याचे हप्ते थकले, ते खरं आहे.

---

शुभ्रकळा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निळा_डबा दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून फाईलला लावतेय, नाव-गाव न घालता. शॉकचं यंत्र आत, आणि पाळीला दोन जण तयार, हे मुद्दे तुमच्यामुळे गेले.

वातायन, तुमचं ऐकून रविवारी ऑपरेशनची लिस्ट नसताना करून पाहिलं. ऑक्सिजनचा व्हॉल्व बंद आहे ना ते टेक्निशियनकडून दोनदा बघून घेतलं. मी दाराबाहेर गुडघ्यांवर बसले, फटीशी उदबत्ती धरली. धूर सरळ माझ्या तोंडावर आला. मग तशीच कॉरिडॉरभर चालत गेले. धूर मामांच्या स्टुलावरून जाऊन मावशींच्या खोलीच्या दारात शिरत होता. तिथे त्यांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात.

सोमवारी इंजिनीअरिंग विभागाला पत्र दिलं. एएचयूची तपासणी, मावशींची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, आणि ओटीबाहेर भिंतीवर घड्याळ. घड्याळ लगेच मंजूर झालं, बाकीचं "विचाराधीन".

लेखी म्हणण्यात मी एवढं घातलंय: हवा बदलायची वेळ पाळल्याशिवाय सफाईला हाक मारायची नाही, आणि ती वेळ इनचार्ज सिस्टरनं सहीनिशी लिहायची. सफाईला जाणाऱ्याला एन९५, गॉगल, जाड ग्लोव्ह, फिट टेस्ट करून. सक्शनच्या बाटलीत आधीच हायपो, झाकण लावून न्यायची, ओतताना सिंकच्या तळाशी धरून. पिशव्यांचे रंग मावशींना नीट समजावून, कारण गॉगल आणि प्लॅस्टिकचं किट लाल पिशवीत जातं, मास्क-टोपी पिवळ्या पिशवीत, आणि चुकीची पिशवी उपसून पुन्हा वेगळी करायला त्यांनाच सांगितलं जातं. लस आली की ओटीच्या यादीत त्यांचं नाव आमच्याबरोबर. आजारी पडल्या तर पगार चालू, कंत्राट असो वा नसो.

आज सकाळी त्याच मावशींना, त्या अकरा दिवसवाल्या, पहिल्यांदा टोपडं घालून सॅकरिनचा फवारा मारला. सॅकरिन आमच्याच फार्मसीत मिळालं, टोपडं शेजारच्या कॉलेजमधून उसनं आणलं. पहिल्या मास्कला त्या म्हणाल्या, "सिस्टर, गोड लागतंय." दुसऱ्यालाही गोड. तिसरा लहान मापाचा होता. मान हलवायला लावली, वाकायला लावलं, मग भिंतीवरचा सूचनाफलक मोठ्यानं वाचायला सांगितला. पूर्ण वाचला त्यांनी. मी विचारलं, लागतंय काही? त्या नाही म्हणाल्या.

त्या मापाचे स्टोअरमध्ये अकरा निघाले. शंभराचा इंडेंट टाकलाय.